करंगळीएवढी ढिली

१७ मे, रविवार. सकाळी ९.
अधिक महिना आजपासून लागला. म्हणून ही वहीही आजपासून. वही क्लासची आहे, मागच्या पानावर फिजिक्सचे सगळे फॉर्म्युले छापलेत. ते मला पाठ आहेत, विद्यार्थ्यांना नाहीत.

लिहायचं कारण असं की काल हरिओमने 'औसा परिवार' ग्रुपवर व्हिडिओ टाकला. हरिओम म्हणजे माझा साडू. सुकन्याच्या धाकट्या बहिणीचा, आरतीचा नवरा. नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात आहे. तिथे लोकांच्या रजेचे अर्ज फाइलला लावतो, पण सासुरवाडीत सगळ्यांची समजूत अशी की इंजिन हाच चालवतो. व्हिडिओत महाशय स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या बुलेटचा प्रायमरी चेन टेन्शनर स्वतः बदलताहेत. साडेचार मिनिटं. मागे बासरी.

टेन्शनर म्हणजे काही चंद्रयान नाही. इंजिनातून क्लचकडे जाणारी चेन डावीकडच्या झाकणाच्या आत असते, तिला खालून टेकू देणारी एक पट्टी. पट्टी झिजली की चेन लोंबते आणि झाकणात खडखड वाजते. मला हे आधीपासून माहीत होतं. फक्त मी बासरी लावली नव्हती.

त्यावर सासऱ्यांचा व्हॉइस मेसेज. व्यंकटराव, मुक्काम औसा. घरात सगळे आबा म्हणतात. आबा म्हणाले, "हरिओमच्या हाताला हुन्नर हाय."

अठरा वर्षं झाली मला त्या घरचा जावई होऊन. थोरला जावई. माझ्याबद्दल आबा एकच वाक्य बोलत आलेत, शिवशंकरराव शिकलेले हायत. हे कौतुक नाही. ही माहिती झाली.

मेसेज सहा वेळा ऐकला. जळत वगैरे नाही, आवाज नीट आलाय का ते तपासत होतो.

त्याच दिवशी. संध्या. ६.
आबांचा फोन. विषय त्यांची जुनी बुलेट. आबांचा गुडघा गेल्यापासून दोन वर्षं ती लातूरला माझ्याकडे, सांभाळायला. उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक, अशी जुन्या काळची. चालवायला त्रासाची आहे, पण दारात उभी असली की गल्लीत वजन पडतं.

आबांनी मला फोनवरूनच ती चालू करायला लावली. दोन मिनिटं ऐकलं. म्हणाले चेन वाजून राहिली, टेन्शनर गेला. मग म्हणाले, त्यांना आता गाडी कुणाच्या तरी नावावर करायची आहे. दोघं जावई धोंड्याला येताय, तेव्हा कागद करून टाकू.

मी म्हटलं थोरल्या जावयाकडे गाडी आहेच. तर म्हणाले, "थोरला-धाकटा न्हाई. गाडी ज्याला कळंल त्याची."

धोंडेजेवण ७ जूनला. वीस दिवस आहेत. हरिओमकडे स्वतःची बुलेट आहे, तरी याला दुसरी कशाला हवी? पण घेईल. २०२३च्या अधिक महिन्यात सासूबाईंनी दोघांना चांदीच्या वाट्या दिल्या. त्याची वाटी जड होती. मी दोन्ही हातांत धरून बघितल्या आहेत.

१८ मे, सोमवार.
संकल्प: टेन्शनर मी बदलणार. घरी. स्वतः. मिस्त्री नाही.

वीस वर्षं टॉर्क शिकवतोय. बल गुणिले अंतर. माझ्या हाताखालून चारशे पोरं डॉक्टर झाली. एक पट्टी बदलता येणार नाही?

सुकन्याला सांगितलं. तिने पोळी लाटता लाटता विचारलं की आधी साइड कव्हर उघडून बघायचं का, पट्टीच गेली की नुसता बोल्ट ढिला झालाय. मी तिला समजावलं की निदान झालेलं आहे. लहानपणी ती आबांना गाडी खोलताना पाने द्यायची म्हणे. भाऊ नव्हता, म्हणून. ठीक आहे. पाने देणं वेगळं, पाना चालवणं वेगळं.

२० मे, बुधवार.
हरिओमचा व्हिडिओ झूम करून पाहिला. २ मिनिटं ११ सेकंदाला त्याची नखं दिसतात. स्वच्छ. ऑइलमध्ये हात घालणाऱ्याची नखं स्वच्छ कशी? मिस्त्री कॅमेऱ्याच्या मागे उभा असणार. हात मिस्त्रीचे, चेहरा याचा.

सुकन्याला दाखवलं. ती म्हणाली आधी साबण नखात भरून घेतला की काळं धरत नाही. हे हिला कुठून माहीत? काहीतरी ठोकून देते.

जळतोय. लिहून टाकलं. इथे कोण वाचणार आहे.

२४ मे, रविवार. नांदेड.
पार्ट लातूरलाही मिळतो. पण लातूरच्या दुकानात माझे तीन माजी विद्यार्थी बसतात. सर स्वतः गाडी खोलताहेत हे त्यांना आधी कळायला नको, नंतर कळलेलं चालेल. म्हणून सकाळच्या एसटीने नांदेडला. शिवाय शत्रूचा गोट बघून ठेवलेला बरा.

हरिओमकडे अचानक गेलो. अंगणात बुलेट. झाकणाच्या कडेला ऑइलचा थेंबही नाही. खाली पुठ्ठा अंथरलेला, तोही कोरडा. मी मुद्दाम बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छ निघालं. पुन्हा फिरवलं, पुन्हा स्वच्छ.

म्हणजे ते खरंच त्यानेच केलंय. आरती म्हणाली दाजी, तीन रविवार घातले यांनी, पहिले दोन वाया गेले. हे व्हिडिओत नव्हतं.

मी सांगितलं, क्लासमधल्या एका मित्राची गाडी आहे, त्याला पार्ट हवाय. हरिओम लगेच उठला. कपाटातून नवा टेन्शनर काढला, एक जास्तीचा आणून ठेवला होता म्हणे. रबरी रिंग दिली. झाकणाच्या मोठ्या नटाचा पाना पण दिला. पैसे घेत नाही म्हणाला. असा माणूस कसा सहन करायचा?

निघताना फाटकापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "दादा, मित्राला सांगा, चेन एकदम ताठ करू नका म्हणावं. करंगळीएवढी ढिली ठेवा."

परतीच्या एसटीत विचार केला. तीन तास. प्रतिस्पर्ध्याला कोण खरा सल्ला देतो? आजवर जगात कुणी दिलाय? मी चेन ढिली ठेवणार, ती खडखडत औशाला जाणार, आबा ऐकणार, आणि कागद नांदेडला जाणार. काय डोकं आहे. आणि तोंड किती गरीब.

ढिलेपणा म्हणजे ऊर्जेचा अपव्यय, हे अकरावीच्या पुस्तकात आहे. चेन ताठ ठेवणार. खाटेच्या सुतळीसारखी.

२६ मे, मंगळवार. सकाळी ६.३०.
शुभारंभ. नारळ फोडला. आधी डावीकडचा फूटरेस्ट काढायचा, मग ब्रेकचा पॅडल, मग झाकणाचा एकच मोठा नट.

७.१५. फूटरेस्टचा नट हलत नाही.

७.४०. पान्याला चार फुटी पाइप जोडला. बल तेच, अंतर वाढलं. नट हलला, पण किंचित, आणि अजून घट्ट झाल्यासारखा. मी गाडीखाली आडवा पडून वर बघत होतो, त्यामुळे उजवं-डावं उलट दिसणं हे शास्त्रीयदृष्ट्या स्वाभाविक आहे.

७.५०. सुकन्या धुणं वाळत घालायला निघाली होती. जाता जाता "उलटं" एवढंच म्हणाली. मी त्याच निष्कर्षाला येत होतो.

८.१०. नट निघाला. आटे थोडे खाल्ले गेलेत. पाइपने जरा जास्तच टॉर्क दिला. हा अनुभव पोरांना उदाहरण म्हणून सांगता येईल, एका मित्राचं म्हणून.

क्लासला उशीर. फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं.

२८ मे, गुरुवार.
झाकण उघडलं!

आधी ऑइल काढायचं होतं. खाली धरायला काही नव्हतं, परात घेतली. मोठी स्टीलची. झाकण चिकटलं होतं म्हणून खलबत्त्यातल्या बत्त्याने हलकेच ठोकलं. चौथ्या हलक्या ठोक्याला झाकण, ऑइल आणि मी असे तिघेही खाली आलो.

सुकन्या बाहेर आली. परातीकडे बघितलं. ती तिच्या लग्नातली परात, पुरणाच्या कणकेची. मग बराच वेळ चेनकडे बघत उभी राहिली. वाकून एका बोटाने खालची पट्टी हलवली, आणि आत गेली. बायकांना ऑइलची किळस वाटते, पण कुतूहलही असतं.

जुनी पट्टी खरंच झिजलेली निघाली, पार मधोमध खोबण. म्हणजे माझं निदान बरोबर. (फोनवर आबा म्हणाले होते, पण निदान ऐकून समजायलाही ज्ञान लागतं.)

लातूर पॅटर्न उगीच नाही. पद्धतशीर काम. इडलीपात्राचे सोळा खळगे, प्रत्येकाला खडूने नंबर. जो भाग आधी निघाला तो एक नंबरच्या खळग्यात, पुढचा दोनमध्ये. वॉशर, नट, स्प्रिंगची क्लिप, सगळं. हरिओमने जमिनीवर वर्तमानपत्र टाकलं होतं. फरक इथे आहे.

३० मे, शनिवार. सकाळी ८.
नागुबाईंनी इडलीपात्र घासून ठेवलं.

नागुबाई आमच्याकडे भांडी घासतात. सोळा भाग एका चाळणीत, धुऊन, पुसून, चांदीसारखे लखलखीत. नंबर खडूचे होते. मी विचारलं तर म्हणाल्या, "सर, इतकं काळं झालं व्हतं की राख लावून घासावं लागलं." वर एक कप चहा मागितला. द्यावा लागला.

चाळणीकडे बघत बसलो. सात वॉशर. सातही सारखेच दिसतात. एक जाड आहे असं वाटतं, मग वाटत नाही.

११ वाजता. हरिओमला फोन करावा का? दोनदा नंबर काढला. दोनदा ठेवला. त्याला फोन करण्यापेक्षा बुलेट भंगारात दिलेली बरी.

गल्लीच्या तोंडाचा मिस्त्री नरसिंग, तो दोन तासांत करून देईल. पण नरसिंगचं गाव औसा. तो बाजाराच्या दिवशी आबांच्या ओट्यावर बसतो.

३१ मे, रविवार.
चमत्कार. सकाळी उठून बघतो तो चाळणीतले भाग ओट्यावर एका जुन्या टॉवेलवर ओळीने मांडलेले. फूटरेस्टचे इकडे, पॅडलचे तिकडे, झाकणाचे मधे. जाड वॉशर बरोबर वेगळा.

काल मीच मांडले असणार. मन सतत काम करत असतं, आपल्याला पत्ता नसतो. सुकन्याला विचारलं की मी काल इथे बसलो होतो ना? ती म्हणाली, "बसला असाल." बघा.

तिच्या नखांत काळं होतं. वांगी भाजली असतील.

नवी पट्टी बसवली. खालून बोल्ट फिरवून चेन वर उचलायची. फिरवत गेलो. चेन ताठ. अजून फिरवला. बोटाने दाबली तर हलेना. टिचकी मारली तर टण्ण वाजली. करंगळीएवढी ढिली म्हणे!

१ जून, सोमवार.
झाकण लावलं. नवीन ऑइल भरलं. फूटरेस्टच्या खाल्लेल्या आट्यांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळली आणि नट आवळला. हे मला कुठल्याही व्हिडिओत दिसलं नव्हतं. सुचलं. यालाच हुन्नर म्हणतात.

किक मारली. बसली नाही. दहाव्या किकेला चालू झाली.

खडखड गेली! पूर्ण गेली! तिच्या जागी एक बारीक कुईं आवाज येतोय, लांब कुठे पिठाची गिरणी चालू असल्यासारखा. नव्या भागाचा सूर असणार. क्लच थोडा जड लागतो. झाकण हात लावता येणार नाही इतकं तापतं. इंजिन म्हटलं की उष्णता आलीच, दुसरा नियम.

ग्रुपवर झाकणाचा फोटो टाकला: 'घरच्या घरी. स्वतः.' हरिओमचा अंगठा अकरा सेकंदांत आला. वर लिहिलं, 'दादा जबरदस्त, मित्राचीही झाली का?' तीन तास त्याचा अर्थ लावत बसलो. टोमणाच. पण कशावर?

आबांचं उत्तर नाही.

४ जून, गुरुवार.
कुईं जात नाही. उलट वाढलाय. कालपासून आतून मधून एक ठसका येतो. सुकन्या दोनदा म्हणाली, चेन फार ताठ असेल. तिला हरिओमने फोन केला असणार, नाहीतर दोघांचं मत एकच कसं? माझ्या घरात फितुरी.

स्पष्ट सांगितलं, चेनला आता कुणी हात लावायचा नाही. ती मान हलवून "हाव" म्हणाली.

६ जून, शनिवार. संध्या. ५.
सकाळी ७ ते दुपारी ४ रिपीटर बॅचचे लागोपाठ तास. घरी येऊन किक मारली.

पहिल्या किकेला चालू. कुईं नाही. ठसका नाही. खडखड नाही. झाकण कोमट. नुसता तो जुना धीमा डग-डग आवाज, आबांच्या अंगणातला.

मी म्हणत होतो तेच झालं. पट्टी सेट झाली. पाच दिवस धीर धरला त्याचं फळ. घाबरून झाकण उघडलं असतं तर सगळं हातचं गेलं असतं.

आनंदात सुकन्याला बोलवायला आत गेलो. ती हात धुत होती, कोपरापर्यंत, कपड्याच्या साबणाने. आज नळाचा दिवसही नाही आणि अर्धी बादली पाणी संपवलेलं. पण आजच्या दिवशी मन मोठं ठेवायचं.

उद्या हरिओमचा चेहरा बघायचाय. बस, तेवढंच मागणं आहे.

७ जून, रविवार. सकाळी ८.
निघतोय. मागे सुकन्या. नवा शर्ट, खिशाला पेन. कागद भरायला लागेलच.

८ जून, सोमवार. सकाळी.
कालचं आज लिहितोय. क्रमाने लिहितो, म्हणजे कुठे चुकलं ते सापडेल.

औशाच्या बाजारात ब्रेक दाबायला गेलो आणि गिअर बदलला, एका पेरूच्या गाड्याला हलकेच टेकलो. हे मोजत नाही. अंगणात पोचलो तर हरिओम आधीच हजर. आबांच्या खाटेशेजारी स्टुलावर. स्टूल, खुर्चीसुद्धा नाही. मुद्दाम. खुर्ची माझ्यासाठी ठेवली होती, म्हणजे साधेपणाचे मार्कही यालाच.

सासूबाईंनी, केवळाबाईंनी, दोघांच्या पायावर पाणी घातलं. धोंड्याला जावई म्हणजे साक्षात नारायण. मी तांब्याकडे लक्ष ठेवून होतो. त्याच्या पायावर दोन धारा जास्त पडल्या.

मग आबांनी गाडी चालू करायला लावली. खाटेवर बसून डोळे मिटले. काठी जमिनीवर टेकवून त्यावर हनुवटी. दोन मिनिटांनी डोळे उघडले आणि म्हणाले की आवाज गेला, गाडी माझ्या काळातल्यासारखी बोलून राहिली. कुणी केलं?

मी म्हटलं मी. स्वतः. घरी. मिस्त्री नाही.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. तो शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. मला दिसला. मग त्यांनी विचारलं, चेन किती ठेवली?

आणि मी म्हणालो, एकदम ताठ. जरासुद्धा ढिली नाही.

हरिओमने मान खाली घातली.

आबा उठले. गुडघा धरत, काठी टेकत गाडीपाशी आले. गाडी बंद करायला लावली. झाकणाला ऑइल भरायचं एक बूच असतं, ते काढायला सांगितलं. आत बोट घातलं, चेन वर-खाली केली. मग हरिओमला बोट घालायला लावलं. मग मला. चेन हलत होती. मजेत हलत होती.

आबा म्हणाले, "शिवशंकरराव, ही तर करंगळीएवढी ढिली हाय. अशीच पायजे. पण तुमी तर ताठ म्हन्ता. मग ही कुणी केली?"

मी उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे सांगायला सुरुवात केली. लांबीतला बदल, तापमानातला फरक. कुणी मान हलवली नाही. माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा निदान मान हलवतात.

तेवढ्यात सुकन्या स्वयंपाकघरातून धोंड्यांचं ताट घेऊन आली. दारातच थांबली. माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. ती बोलणार नव्हती. मला अजूनही वाटतं की ती बोलणार नव्हती. पण तिच्या बापाने गाडीबद्दल प्रश्न विचारला होता आणि उत्तर तिला येत होतं.

"आबा, एका जागी ताठ येती ती चेन," ती म्हणाली. "फिरवून चार जागी बघितली. जिथं जास्त ताठ, तिथं करंगळीएवढी ठेवली."

आबांनी पुन्हा आत बोट घालून चेन हलवली. मग म्हणाले, तू सातवीत असताना म्या सांगितलं व्हतं हे. ध्यानात हाय?

"हाव," सुकन्या म्हणाली.

आबांचे डोळे भरून आले. मी शप्पथ घेऊन सांगतो, एका चेनसाठी. म्हणाले, "हुन्नर माझ्याच घरात व्हता, आन् म्या जावयांत हुडकून राहिलो."

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. आरतीने टाळ्या वाजवल्या. आणि हरिओम! ज्याचा पडलेला चेहरा बघायला मी वीस दिवस जगलो, तो सगळ्यात जास्त खूश. जोरजोरात म्हणाला की ताई, फिरवून चार जागी बघायचं मला तिसऱ्या रविवारी कळलं! दोघं झाकणाशी वाकून बोलायला लागले. मी बूच हातात धरून उभा.

कागद आबांनी आधीच मागवून ठेवले होते. नव्या मालकाच्या नावाची जागा रिकामी. आबांनी चष्मा शोधला, सापडला नाही. मग म्हणाले, शिवशंकररावांना द्या. ते शिकलेले हायत.

माझ्याच पेनने, माझ्याच अक्षरात, सौ. सुकन्या शिवशंकर असं लिहिलं. खाडाखोड नाही. अक्षर सुंदर आलंय, सगळे म्हणाले.

धोंडे दोन जास्त खाल्ले. तूप कुणाला किती वाढलं ते बघायचं राहूनच गेलं. जावयांना वाण म्हणून तांब्याची ताम्हणं दिली, तेहतीस-तेहतीस अनारशांसकट. दोन्ही सारखीच होती. हातात धरूनही फरक कळला नाही.

आता राहिला परतीचा प्रवास.

पाच वाजता निघताना मी सवयीने पुढे बसायला गेलो. आबांनी किल्ली तिच्या हातात दिली होती. तिने पदर खोचला, पाय टाकला, एका किकेत गाडी चालू. उजव्या पायाने गिअर टाकला, खाली न बघता. मी मागे बसलो. मांडीवर ताम्हण. हरिओमने व्हिडिओ काढला.

रस्त्यात मी विचारलं, सांगितलं का नाहीस? ती वाऱ्यात मोठ्याने म्हणाली, "तुमचं इतकं मन लागलं व्हतं. म्हटलं करू द्यावं. नंतर नीट करून ठेवू."

चिडायचं ठरवलं होतं. पण मागून तिचा फक्त कान आणि अर्धा गाल दिसत होता, आणि ती हसत होती. असं हसताना मी तिला कधी पाहिलं ते आठवू लागलो. चटकन आठवलं नाही. मग जी जळजळ झाली ती हरिओमची नव्हती. एका जुन्या गाडीची होती.

बुधोड्याजवळ डावीकडचा फूटरेस्ट लोंबायला लागला. सगळ्या गाडीत तेवढा एकच भाग तिने झाकण काढताना सोडून पुन्हा होता तसाच लावला होता. तो माझा. तिने गाडी बाजूला घेतली, खाली बसली, नटावरून ती पांढरी टेप ओढून काढली. लांबच लांब निघाली. तिने टेप बघितली, मला बघितलं, आणि गुंडाळी करून माझ्या हातात ठेवली.

रात्रीच व्हिडिओ ग्रुपवर आला होता. आज सकाळी पाहिला. आतापर्यंत त्रेसष्ट अंगठे. त्यात मीही दिसतो, मागे, ताम्हण धरून. खाली आबांचा व्हॉइस मेसेज, तोच शब्द. सहा वेळा ऐकला. आवाज स्वच्छ आलाय.

बुधोड्याचं एक लिहायचं राहिलं. रस्त्याच्या कडेला बसून, नटावरची नजर न काढता, तिने मागे हात केला आणि पाना मागितला. गाडीतली पान्यांची पेटी माझ्या हातात होती. मी दिला.

तो चुकीच्या नंबरचा होता. दुसरा बरोबर दिला.